नवजात बाळाच्या लसी : पहिल्या दिवसापासून चाळिसाव्यापर्यंत

घरात लेकरू जन्मलं की कानात अजान दिली जाते, खजूर चाटवला जातो, सातव्या दिवशीचा अकिका ठरतो आणि बाळंतीण चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पडत नाही. सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांत हे सगळं लक्षात ठेवणारी एक तरी दादी किंवा नानी असतेच. लसींच्या तारखा मात्र कुणाच्या डोक्यात नसतात. त्या कार्डावर असतात, आणि कार्ड कुठल्यातरी पिशवीत. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

जन्मतः तीन लसी असतात : क्षयरोगाविरुद्ध बीसीजी, पोलिओचा 'शून्य' डोस आणि कावीळ ब म्हणजे हिपॅटायटिस बी. तिन्हींची मुदत वेगळी आहे, आणि गोंधळ होतो तो इथेच. बीसीजी राहिली तर वर्षाच्या आत देता येते. पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांपर्यंत चालतो. कावीळ ब चा जन्माचा डोस मात्र २४ तासांच्या आतच द्यायचा असतो. आईच्या रक्तात हा विषाणू असेल तर बाळंतपणात तो बाळाला लागतो. मोठ्या माणसाला लागला तर बहुतेक वेळा शरीर त्याला हुसकावून लावतं. बाळाला लागला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि पुढे तरुणपणी लिव्हर निकामी करू शकतो. आईला काहीच त्रास नसतो, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही.

मग डोस राहतो कसा? आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात, त्यामुळे घर दूर असल्याचं कारण उरत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात शनिवारी रात्री मुलगी झाली, रविवारी लस देणारं कुणी नव्हतं, सोमवारी डिस्चार्ज मिळाला. कार्डावरचा तो रकाना कोराच राहिला. बीसीजीचं आणखी एक कारण आहे. तिची एक कुपी अनेक बाळांची असते, पावडरमध्ये पाणी मिसळलं की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. म्हणून एका बाळासाठी कुपी फोडायला सिस्टर कचरतात आणि "अमुक वारी या" म्हणतात. कावीळ ब च्या कुपीला ही अडचण नाही, ती नीट ठेवली तर उघडल्यावर २८ दिवस चालते. तेव्हा बाळाच्या अब्बांनी किंवा मामूंनी डिस्चार्जचा कागद घेण्याआधी एवढंच विचारावं : तिन्ही झाल्या का, आणि कार्डावर तारीख पडली का? खासगी दवाखान्यात लस नसेल तर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचं वेणूताई चव्हाण रुग्णालय, सांगली-मिरजेची सरकारी रुग्णालयं इथे त्या मोफत मिळतात.

आता चाळीस दिवसांचं. पुढच्या लसी सहा आठवड्यांनी, म्हणजे ४२ व्या दिवशी. चिल्ला संपतो आणि दोनच दिवसांनी लस येते. रिवाजाची आणि लसीची कुठे टक्कर नाही. उलट चाळिसाव्याचं न्हाणं झालं की पहिली फेरी आरोग्य केंद्राची, असं ठरवून टाकलं तर तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल सगळं त्या दिवशी सुरू होतं. पुढे १० आणि १४ आठवडे.

खरी गळती होते ती माहेर-सासरच्या मध्ये. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी मिरजेला, सासर कराडला, नवरा पुण्यात कामाला. मिरजेच्या आशाताईंच्या यादीत बाळ आहे, पण ते तिसऱ्या महिन्यात कराडला गेलं. कराडच्या आशाताईंना त्याचा पत्ताच नाही. १४ आठवड्यांचा डोस नेमका या प्रवासात हरवतो. सासरी पोचल्यावर उपकेंद्रात नाव सांगायचं, कार्ड दाखवायचं. कार्डाचा मोबाइलवर फोटो ठेवा. २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. डोसला उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे.

हलाल-हरामचा प्रश्न घरोघरी निघतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीबद्दल २०१८ साली इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने विचार केला. बनवताना डुकरापासूनचा घटक वापरला जातो असं स्पष्ट लिहूनही, दुसरी लस उपलब्ध नाही आणि मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून वापर जायज ठरवला. आम्हाला ही पद्धत आवडली : काही लपवलं नाही आणि अडवलंही नाही.

लस सगळं करते असं मात्र नाही. २०२० च्या सरकारी नोंदणीप्रमाणे महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाच्या आत जातात, त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच. ही बहुतेक अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची किंवा जन्मताना गुदमरलेली असतात. त्यांना पहिल्या तासात आईचं दूध, छातीशी धरून दिलेली ऊब आणि वेळेवर डॉक्टर लागतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मतः बीसीजी दिल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडे पुदुच्चेरी-चेन्नईत वेगळ्या वाणाच्या बीसीजीने तसा फरक दिसला नाही. म्हणजे लहान बाळांमधला गंभीर क्षयरोग टाळायला बीसीजी हवीच, पण अशक्त बाळाला तिच्या भरवशावर घरी ठेवू नये.

बीसीजी डाव्या दंडावर देतात. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, खूण राहते. त्यावर हळद, तेल, काही लावू नका. खूण नाही उमटली तरी पुन्हा टोचायची गरज नसते. पेंटाव्हॅलेंटनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. औषध किती द्यायचं ते सिस्टरना तिथेच विचारून घ्या. साधी सर्दी हे लस पुढे ढकलायचं कारण नाही.

नवव्या महिन्याची गोवर-रुबेला अनेकदा विसरली जाते, कारण तोवर मूल गुटगुटीत असतं आणि साडेतीन महिन्यांपासून केंद्राची सवय तुटलेली असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, मुलं दगावली, आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली पुष्कळ होती. यातल्या अनेक वस्त्या आपल्याच लोकांच्या. कार्डावर नववा महिना कधी भरतो ती तारीख आजच पेनाने लिहून ठेवा. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान.