अंबडचा आरोपी आणि अर्धा अहवाल

१/ १९३८. मुंबई प्रांताने परिवीक्षेचा कायदा केला: तुरुंगाऐवजी देखरेख. अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा येथे लागू नव्हता.

२/ १९४८. इंग्लंडमध्ये परिवीक्षेला मानसोपचाराची अट जोडण्याचा स्पष्ट अधिकार न्यायालयांना मिळाला.

३/ १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार २१ वर्षांखालील अपराध्याला तुरुंगात धाडण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, मानसिक स्थितीची उपलब्ध माहितीही पाहावी. मानसोपचाराची स्वतंत्र तरतूद मात्र नाही.

४/ जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी येथे. मराठवाड्यात एकही नव्हते. अधिकारी घर पाहतो, वैद्य मन. दोघांची गाठच पडली नाही, तर न्यायाधीशासमोर अर्धाच माणूस उभा राहतो.