द्राक्षमद्य आणि कायदा

मद्याच्या व्यापाऱ्यास सरकारी तपासणी नकोशीच वाटावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. दक्षिण फ्रान्सचा इतिहास मात्र आम्हांस निराळी साक्ष देतो.

इ. स. १८६० नंतर फायलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीनें तेथील द्राक्षमळे उजाड केले. तुटवडा पडतांच मनुका भिजवून किंवा साखरपाणी आंबवून केलेला माल ‘मद्य’ म्हणून खपूं लागला. तेव्हां १८८९ च्या कायद्यानें ठरविलें कीं, ताजीं द्राक्षें आंबवून होईल तेंच मद्य. परंतु नुसत्या व्याख्येनें लबाडी थांबत नाहीं. १९०३ सालीं साखरेवरील कर उतरला. इकडे नव्या कलमांचे मळे भरघोस पिकूं लागले, अल्जीरियाचा मालही येत होता. भाव कोसळले.

९ जून १९०७ रोजीं माँपेलिए शहरीं लाखों लोक जमले. मार्सेलां आल्बेर हा खेड्यांतील द्राक्षबागवाला त्यांचा पुढारी होता. शेंकडों गांवांच्या कारभाऱ्यांनीं राजीनामे दिले; नार्बोन येथें लष्कराच्या गोळीबारांत माणसें मेलीं. मागणी काय, तर भेसळीस कायद्यानें आळा घाला!

२९ जूनच्या कायद्यानें मळा किती, मद्य किती निघालें, जुनें शिल्लक किती, हें प्रत्येक उत्पादकानें गांवच्या कचेरींत लेखी कळविणें सक्तीचें झालें. साखरेवर जादा कर बसला. पिकाहून अधिक मद्य विकणारा आतां कागदावरच सांपडूं लागला.

हिशेबाची सक्ती जाचक खरी. परंतु आमच्या मतें प्रामाणिक धंद्यास तिच्यावांचून दुसरें संरक्षण नाहीं.