टॉन्सिल: कसे काढायचे, त्याआधी का काढायचे

भाचीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं आणि भुसावळच्या आमच्या घरात दोन पक्ष पडले. डॉक्टरांनी ताईला विचारलं होतं, साध्या पद्धतीनं काढायचे की कोब्लेशननं? कोब्लेशन महाग. आई म्हणाली, "महाग ते चांगलंच असेल ना." बाबांचे टॉन्सिल लहानपणीच काढलेले, त्यांना आठवतो फक्त तोंडातला बर्फ. मी मोबाइलवर इतिहास वाचत बसलो.

हा वाद फार जुना निघाला. पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससनं टॉन्सिल बोटानं सोडवून काढायला सांगितलं. सुश्रुतसंहितेत वाढलेली पडजीभ चिमट्यानं ओढून मंडलाग्र शस्त्रानं कापायची कृती आहे. सोबत ताकीद: जास्त कापलं तर रक्त जाऊन रोगी दगावेल, कमी कापलं तर सूज येईल. तुंडिकेरीला, म्हणजे टॉन्सिलच्या सुजेलाही तोच उपचार.

भूल नव्हती तेव्हा वेग हाच मोठा गुण. १८२८ साली अमेरिकेत फिलिप सिंग फिजिकनं गिलोटिनसारखं हत्यार काढलं. कडीत टॉन्सिल धरायचा, पातं सरकवायचं, काम क्षणात. पण मुळाशी तुकडा राहायचा आणि पुन्हा सुजायचा. भूल आल्यावर घाईची गरज उरली नाही. विसाव्या शतकात टॉन्सिल आवरणासकट सावकाश सोलून काढायची पद्धत रुळली; रक्तवाहिनी दोऱ्यानं बांधता येऊ लागली. तीच आजची 'साधी' पद्धत.

पुढे विजेची हत्यारं आली, मग मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी सोडणारं कोब्लेशन. ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जातं. पण २००३-०४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ३४ हजार रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा नंतरचा रक्तस्राव या नव्या हत्यारांनी जास्त झालेला दिसला.

सगळ्यात हादरवलं ते न्यूयॉर्कच्या १९३४च्या पाहणीनं. हजार मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेल्यांतल्या ४५ टक्के मुलांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. 'गरज नाही' म्हटलेली मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी पुन्हा जवळपास निम्म्यांना तेच सांगितलं!

म्हणून पुढे मोजमाप आलं: वर्षात सात वेळा घसा धरला, तर विचार करायचा. ताईनं जुन्या चिठ्ठ्या काढून मोजल्या. आठ.

मग आम्ही डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले. तुमचा हात कोणत्या पद्धतीवर बसलाय? आणि आठवड्याभरानं रात्री रक्त आलं, तर फोन कुणाला करायचा?