पोप सहावे पॉल ह्यांची मोटारगाडी आणि महारोग्यांचें गांव

ज्युबिलीचें वर्ष हें आधीं हिशेबाचें वर्ष असतें आणि मग उत्सवाचें. इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष आलें म्हणजे दासांची सुटका होई व विकलेली जमीन मूळ धन्याकडे परत जाई. जें आपल्या हातीं आलें तें सर्वस्वीं आपलें नव्हे, हा त्या आज्ञेचा अर्थ. म्हणून ह्या स्मरणिकेंत देवळाच्या दगडविटांचा इतिहास न सांगतां एका दानाचा इतिहास सांगण्याचें मीं योजिलें आहे. ज्या यात्रेच्या अखेरीस तें दान झालें, ती आपल्या साकीनाक्यापासून थोड्याच अंतरावरील सांताक्रूझ विमानतळावर सुरू झाली व तेथेंच संपली.

इ. स. १९६४ सालीं, २८ नोव्हेंबरपासून ६ डिसेंबरपर्यंत, मुंबईंत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. हिंदुस्थानचे पहिले कार्डिनल, वलेरियन ग्रेशियस, हे त्या वेळीं मुंबईचे महाधर्माध्यक्ष होते. २ डिसेंबर रोजीं पोप सहावे पॉल विमानानें येथें उतरले. पेत्राच्या गादीवरील पुरुषानें हिंदुस्थानांत पाऊल ठेवण्याचा हा पहिलाच प्रसंग. दुसऱ्या दिवशीं, संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणाच्या दिवशीं, ओव्हल मैदानावर त्यांनीं सहा धर्माध्यक्षांस दीक्षा दिली. ४ डिसेंबरला वृत्तपत्रकारांमार्फत त्यांनीं सर्व राष्ट्रांना विनंती केली कीं, शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा कांहीं भाग तरी दरिद्री देशांच्या साहाय्यासाठीं काढून ठेवावा. १९६७ सालच्या आपल्या विश्वपत्रांत त्यांनीं मुंबईंतील ह्या विनंतीचें पुन्हां स्मरण करून दिलें.

ह्या मुक्कामांत पोप महाशयांच्या वापरासाठीं अमेरिकेंतील लोकांनीं एक पांढरी, उघड्या टपाची लिंकन कॉन्टिनेन्टल मोटार भेट दिली होती. आजच्या तरुणांस तिची थोरवी सहज कळणार नाहीं. चार दरवाजे, त्यांतील मागचे दोन उलट्या दिशेनें उघडणारे. आठ सिलिंडरांचें सुमारें सात लिटरचें एंजिन. राष्ट्राध्यक्ष केनेडी ज्या गाडींत १९६३ सालीं मारले गेले ती ह्याच जातीची. आपल्या शेजारीं कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यांतून त्या काळीं ज्या फियाट गाड्या बाहेर पडत, त्यांचें एंजिन अकराशें घनसेंटिमीटरांचेंही पुरतें नसे. आणि तेवढ्या गाडीसाठीं माणसें वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसत. परदेशी मोटार आणण्यावर सरकारचे कडक निर्बंध होते. तेव्हां अशी गाडी ह्या देशांत पैसे असूनही सहसा मिळण्यासारखी नव्हती.

५ डिसेंबरला परत निघतांना पोप महाशयांनीं ही गाडी मदर तेरेसा ह्यांना त्यांच्या सेवाकार्यासाठीं देऊन टाकली. हें कांहीं क्षणाच्या लहरीनें झालें नाहीं. तीनच आठवडे आधीं, १३ नोव्हेंबर १९६४ रोजीं, रोम येथें व्हॅटिकन महासभा चालू असतां त्यांनीं मिलानच्या लोकांनीं दिलेला आपला तिहेरी मुकुट संत पेत्राच्या महामंदिरांत वेदीवर ठेवून गरिबांसाठीं अर्पण केला होता. ज्यानें मस्तकावरचा मुकुट उतरविला, त्यास बसण्याची गाडी सोडणें जड कां जावें?

आतां मदर तेरेसा ह्यांचें चातुर्य पाहा. त्या त्या गाडींत बसून कोठें गेल्या नाहींत. ती थेट एखाद्या धनिकास विकली असती तर बाजारभावानें एकदांच कांहीं रक्कम हातीं पडली असती. त्यांनीं सोडत काढली. पोप महाशय ज्या गाडींतून फिरले ती आपणांस मिळावी ही इच्छा एकाची नव्हती, हजारोंची होती. आणि सोडतीनें त्या प्रत्येकाच्या इच्छेला दानाची वाट करून दिली. गाडी एकालाच मिळाली, परंतु तिकिटाच्या पैशानें पुण्यांत वांटा अनेकांचा झाला. सर्व मिळून चार लाखांहून अधिक रुपये जमले. त्या काळचे चार लाख! गाडी नुसती विकून एवढी रक्कम कधींच येती ना. ती सारी महारोग्यांच्या वसाहतीच्या कामीं लागली.

महारोगाची भीति किती जुनी आहे, हें मोशेच्या ग्रंथापासून आपण वाचतों. रोगाच्या भीतीनें माणूस काय सोडून जातो, ह्याची खूण आपल्या जवळच आहे. सीप्झच्या आवारांत १५७९ सालचें संत योहान बाप्तिस्ताचें देऊळ भग्नावस्थेंत उभें आहे. १८४० च्या सुमारास सांथ आली, गांवकरी तें देऊळ सोडून मरोळला गेले. १८९६ च्या प्लेगांत मुंबईच्या गांवठाणांतून आपल्या पूर्वजांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारले. सांथ येते आणि जाते. महारोग्याची सांथ मात्र जन्माची असे. घर त्यास टाकी, गांव टाकी, आणि १८९८ चा कायदा त्यास निराळा कोंडण्याची मुभा देई. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडलें. मुंबईंत ॲक्वर्थ ह्या म्युनिसिपल कमिशनरांच्या खटपटीनें १८९० सालीं माटुंग्यास महारोग्यांसाठीं आश्रयस्थान निघालें. वऱ्हाडापलीकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनीं पुढें आनंदवन वसविलें. मोलोकाई बेटावर १८७३ पासून १८८९ पर्यंत फादर दाम्यान रोग्यांत राहून रोगानेंच वारले. ही सर्व एकाच मार्गावरचीं माणसें.

मदर तेरेसा ह्यांनीं १९५७ सालीं कलकत्त्यांत ह्या कामास आरंभ केला तो एका गाडीनेंच. ती गाडी औषधांची होती. रोगी दवाखान्यांत येण्यास लाजे, भिई. म्हणून दवाखानाच चाकांवर बसून वस्त्यांवस्त्यांतून त्याच्याकडे जाई. पुढें टिटागड येथें रोग्यांनींच मागावर बसून भगिनींच्या निळ्या कांठाच्या साड्या विणण्यास आरंभ केला. परंतु कुटुंबासह राहण्यास जागा हवी होती. आसनसोलजवळ बंगाल सरकारनें चौतीस एकर जमीन दिली, आणि तेथें शांतिनगर उभें राहिलें. पांढऱ्या लिंकनचे पैसे येथें लागले. ज्याला गांवानें वेशीबाहेर काढलें, त्यास येथें स्वतःचें घर, स्वतःची शेतीभाती, स्वतःच्या हाताचें काम मिळालें. औषध शरीराला बरें करतें. माणसाला बरें करण्यास गांव लागतो.

येथें एक शंका विचारली जाते, आणि ती टाळणें बरें नव्हे. बेथानीच्या घरीं मरियेनें प्रभूच्या चरणांस मोलाचें सुगंधी तेल लाविलें, तेव्हां हें तीनशें दीनारांस विकून गरिबांस कां दिलें नाहीं, असें यहूदा म्हणाला. प्रभूनें त्या स्त्रीची बाजू घेतली. मग मोटार विकणारे यहूदाच्या बाजूचे ठरतात काय? मुळींच नाहीं. मरियेनें जें दिलें तें स्वतःचें होतें. यहूदानें जें मोजलें तें दुसऱ्याचें होतें. अमेरिकेंतील लोकांनीं प्रेमानें उत्तम गाडी दिली, हें मरियेचें कृत्य. ज्यास ती मिळाली त्यानें ती स्वतःपाशीं न ठेवतां रोग्यांस दिली, हेंही मरियेचेंच कृत्य. यहूदाचें कृत्य एवढेंच कीं, दुसऱ्याच्या दानाचा हिशेब मांडावा आणि आपली थैली बांधून ठेवावी.

पोप सहावे पॉल ह्यांनीं घालून दिलेला हा किता पुढेंही चालू राहिला. पोप फ्रान्सिस ह्यांना २०१७ सालीं एका कंपनीनें पांढरी लाम्बोर्गिनी दिली. त्यांनीं तिच्यावर सही केली व ती लिलावास काढली. २०१८ सालीं तिचे सात लाख पंधरा हजार युरो आले, आणि ते इराकमधील उद्ध्वस्त ख्रिस्ती वस्त्या व आफ्रिकेंतील रुग्णसेवा ह्यांसारख्या कामांना वांटले गेले. २०१४ सालीं बेथलेहेमांत ज्या गाडींतून ते फिरले, ती गाझांतील मुलांसाठीं फिरता दवाखाना व्हावी म्हणून त्यांनीं आपल्या अखेरच्या महिन्यांत कॅरितास जेरुसलेम ह्या संस्थेच्या हवालीं केली. मदर तेरेसा ह्यांच्या १९५७ च्या औषधगाडीशीं ही गाडी किती जवळची आहे!

मदर तेरेसा २०१६ सालीं व पोप सहावे पॉल २०१८ सालीं संतांत गणले गेले. कुष्ठरोगावर आज खात्रीचें औषध आहे. १९८० नंतर अनेक औषधांची एकत्र योजना आल्यापासून रोगी बरा होतो व वेळेवर उपचार झाल्यास हातपाय वांचतात. २००५ सालीं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ह्या रोगाचें निर्मूलन झाल्याचें भारत सरकारनें जाहीर केलें. पण रोग सर्वस्वीं गेला नाहीं, आणि रोग्याकडे पाहण्याची आपली दृष्टि तर त्याहूनही मागें राहिली आहे.

आपण साकीनाक्याचे लोक. आपल्यापैकीं लिंकन कोणाच्या दारीं उभी नाहीं. परंतु अंधेरी–कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांस गाळ्यांतून, चाळींतून राबणाऱ्या ह्या वस्तींत क्षयाचा रोगी आहे, औषध अर्ध्यावर सोडलेला आहे, कामावरून काढतील ह्या भीतीनें अंगावरील डाग झांकणारा आहे. ज्युबिलीच्या निमित्तानें देवळास भेटी येतील. त्या घेतांना आपण आनंदानें घेऊं. पण प्रत्येक भेटीपुढें एकदां हा प्रश्न ठेवूं कीं, ही येथें राहिल्यानें प्रभूचा अधिक मान होईल कीं पुढें दिल्यानें? आणि रोख्याबरोबर स्वतःही रोग्याच्या दारापर्यंत जाऊं. पांढरी गाडी कोणास मिळाली हें आज कोणी विचारीत नाहीं. शांतिनगरांत मात्र तिच्या पैशानें उभ्या राहिलेल्या कामाचा आधार पुष्कळांना मिळाला. आपल्याही दानाची आठवण, देवाची कृपा असेल तर, अशीच उरो.