जॅक्सन हत्या आणि कटाची उपपत्ती : नाशिक प्रकरणाच्या अन्वयार्थातील मतभेद

प्रस्तावना

२१ डिसेंबर १९०९ रोजी रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांची गोळ्या झाडून हत्या झाली. नाशिकहून बदली झालेल्या जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शारदा’ या नाटकाचा प्रयोग होता. गोळ्या झाडणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा औरंगाबादेत शिकणारा सुमारे अठरा वर्षांचा तरुण जागीच पकडला गेला. कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे हे त्याचे साथीदार होते. १९ एप्रिल १९१० रोजी या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

हत्या कोणी केली याविषयी कधीच वाद नव्हता. तिच्यामागील कट कोणाचा, कोठे शिजला आणि त्याची व्याप्ती किती, याविषयी मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ मतभेद आहेत. प्रस्तुत लेखात या निरनिराळ्या उपपत्तींचा आणि त्यांच्या परस्परविरोधाचा विचार केला आहे.

शासनाची उपपत्ती : एक कट की अनेक?

शासनाच्या बाजूने मांडलेली उपपत्ती एकच होती, असा समज आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या ग्रंथात व्हॅलेंटाइन चिरोल यांनी महाराष्ट्रातील असंतोषाचे जनकत्व लोकमान्य टिळकांकडे दिले आणि दख्खनमधील ब्राह्मणवर्गाच्या ब्रिटिशद्वेषाशी त्याचा संबंध जोडला. टिळक तर १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात होते. पुढे त्यांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ मध्ये निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला.

न्यायालयापुढे मांडलेला कट मात्र निराळा होता. त्याचा एक बिंदू नाशिकची ‘अभिनव भारत’ संस्था, तर दुसरा लंडनचे इंडिया हाउस. मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांच्या विशेष न्यायासनापुढे ३८ आरोपींवर खटला चालला. तेथे ज्यूरी नव्हती आणि निकालावर अपिलाचीही सोय नव्हती. २४ डिसेंबर १९१० च्या निकालाने विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याच्या स्वतंत्र खटल्यात ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप सुनावण्यात आली. रौलट समितीने १९१८ च्या अहवालात नाशिक प्रकरणाची दखल घेतली आणि त्याच अहवालाच्या आधारे १९१९ चा दडपशाहीचा कायदा झाला. कटाची व्याप्ती किती मानावयाची, हा प्रश्न त्यामुळे केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता राहिला नाही. नागरिकांचे स्वातंत्र्य त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

पिस्तुलांचा पुरावा आणि कालक्रम

मतभेदांचा गाभा ब्राउनिंग पिस्तुलांशी निगडित आहे. इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्यामार्फत २० पिस्तुले मुंबईस पोहोचविण्यात आली. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. हत्येतील शस्त्र या साठ्यातील ठरल्याने लंडन आणि नाशिक यांचा दुवा सिद्ध झाला, असे एक पक्ष मानतो.

कालक्रम पाहता या दुव्याची मर्यादा लक्षात येते. पिस्तुले १९०९ च्या आरंभी आली. गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांना जन्मठेपेची शिक्षा झाली ती ८ जून १९०९ रोजी. बाबारावांना खटल्यासाठी वरच्या न्यायालयाकडे पाठविणे हा जॅक्सन यांच्यावरील रोषाचा प्रमुख मुद्दा होता. ही शिक्षा होण्यापूर्वीच शस्त्रे रवाना झाली असतील, तर ती याच हत्येसाठी पाठविली होती असे म्हणणे कठीण जाते. सशस्त्र प्रतिकाराच्या सर्वसाधारण तयारीचा भाग म्हणून ती आली असावीत, हा तर्क अधिक सुसंगत ठरतो. शस्त्र पुरविणे आणि विशिष्ट व्यक्तीच्या हत्येची योजना आखणे यांतील अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये.

स्थानिक गटाची उपपत्ती

दुसरा पक्ष नाशिकमधील गटाला केंद्रस्थानी ठेवतो. बाबाराव अटकेत आणि विनायकराव लंडनमध्ये असताना कर्वे यांच्या पुढाकाराने येथील तरुण एकत्र आले. औरंगाबादचा कान्हेरे या कार्यासाठी पुढे आला. जॅक्सन यांच्या बदलीमुळे वेळ थोडा उरला होता. कान्हेरेचा नेम चुकल्यास पुढे होण्याच्या तयारीने साथीदार नाट्यगृहात हजर होते. दिवस, स्थळ व माणसे यांची निवड नाशिकमध्येच झाली, असे या तपशिलांवरून दिसते.

जॅक्सन यांच्या व्यक्तित्वाविषयीही असाच दुभंग आहे. ते संस्कृतचे जाणकार होते व ‘पंडित’ म्हणून ओळखले जात. त्यांनी जमविलेल्या लोकसाहित्याच्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी पुढे गुजरात व कोकणविषयक टिपणे प्रसिद्ध केली. इंग्रज लेखकांना त्यामुळे ही हत्या अकारण कृतघ्नता वाटली. राष्ट्रवादी लेखकांनी या विद्वत्तेस राज्यकर्त्याचा मुखवटा ठरविले. एक पक्ष ‘खून’ म्हणतो, दुसरा ‘वध’; निष्कर्ष शब्दातच दडलेला असतो.

विरोधकांचे अनपेक्षित एकमत

या वादातील एक विसंगती विशेष लक्षणीय आहे. सावरकरांचे अनेक चाहते त्यांना या घटनेचे सूत्रधार ठरवून गौरवितात; टीकाकार त्याच कारणासाठी त्यांना दोषी धरतात. मूल्यनिर्णय परस्परविरुद्ध असले तरी दोन्ही पक्षांची मूळ उपपत्ती सरकारी वकिलांचीच आहे. खुद्द चरित्रसाधनेही सावधपणे वाचावी लागतात. ‘चित्रगुप्त’ या टोपणनावाने १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेले सावरकरांचे इंग्रजी चरित्र त्यांनी स्वतःच लिहिल्याचे १९८७ च्या आवृत्तीत सांगण्यात आले. कटात असलेल्यांच्या आठवणी स्वातंत्र्योत्तर काळात गौरवाच्या वातावरणात लिहिल्या गेल्या, तर १९१० च्या साक्षी शिक्षेच्या भयाखाली दिल्या गेल्या. दोहोंना समान कसोटी लावणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) शस्त्रांचा व प्रेरणेचा लंडनशी संबंध दिसतो, हत्येचे नियोजन मात्र प्रामुख्याने स्थानिक असावे.

२) ‘महाकटा’ची कल्पना शासनास दडपशाहीसाठी आणि पुढे चरित्रकारांना नायक घडविण्यासाठी सोयीची ठरली.

३) या कल्पनेत कान्हेरे, कर्वे व देशपांडे केवळ हस्तक ठरतात. नाशिकच्या जुन्या गोल्फ क्लब मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. परंतु कर्वे व देशपांडे यांच्या विचारांचा व निर्णयांचा स्वतंत्र अभ्यास अद्याप अपेक्षित आहे. त्यांच्या कृतीचे समर्थन वा निषेध करण्यापूर्वी ती त्यांची स्वतःची होती, हे मान्य करणे इतिहासलेखनाचे पहिले कर्तव्य ठरते.