आयदान विणणाऱ्या हातांना प्रतिभा नसते काय?

लेखकाला गोष्ट सुचते कुठून आणि तो ती लिहितो कशी? प्रश्न साधा वाटतो. पण मित्रांनो, उत्तर कोण देतो यावरच या समाजात त्या उत्तराची किंमत ठरत आली आहे. प्रस्थापित लेखकाने आपल्या लेखनाची हकिकत सांगितली की तिला 'निर्मितीप्रक्रिया' म्हणतात. आमच्या लेखकाने तीच सांगितली की तो 'अनुभव' ठरतो. अनुभव म्हणजे कच्चा माल! त्यावर कारागिरी झाली असेल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. हा भेद कसा घडत गेला हे पाहायला रत्नागिरी जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही.

मराठीत कथाकादंबरीकाराने आपले कसब उघड करण्याची परंपरा जुनी आहे. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून लेखनाचे तंत्रच मांडले. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते. शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. खांडेकरांनी 'ययाती'ला भूमिका जोडून ही कादंबरी आपल्या मनात कशी वाढली ते वाचकाला सांगितले. दापोलीकडच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांनी तर 'लेखक आणि माणूस' हे आख्खे पुस्तकच आपल्या लेखनप्रवासावर लिहिले. हे सगळे आम्ही वाचले आहे, त्यातून शिकलोही आहोत. आमची तक्रार त्या पुस्तकांविषयी नाहीच.

'ययाती' आली १९५९ साली. त्याच वर्षी अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' आली. तिला प्रस्तावना खांडेकरांचीच होती, आणि हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. कुठल्या देवतेला नव्हे, एका माणसाच्या लेखणीला! प्रेरणा कुठून आली याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे?

अण्णाभाऊंनी आपल्या लेखनाविषयी असेही सांगून ठेवले की मी जगलेले, पाहिलेलेच लिहितो, कल्पनेचे पंख मला नाहीत, त्या बाबतीत मी बेडूकच. समीक्षकांनी हे शब्दशः घेतले. त्यांना ते सोयीचेच होते. पण थोडा विचार करा. अण्णाभाऊंचा जन्म १९२० चा. फकिराचे बंड, त्याच्या बापाने जोगणीसाठी दिलेला जीव, दुष्काळातली उपासमार हे त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिले? ते त्यांनी ऐकले, वाटेगावच्या माणसांच्या तोंडून. मग त्यातले काय घ्यायचे, काय टाकायचे, कुणाला आधी आणायचे, हे त्यांनी ठरवले. याला कल्पना म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? ते विधान म्हणजे माडीवर बसून झोपडीची गोष्ट रचणाऱ्यांना मारलेला टोला होता. ती अण्णाभाऊंच्या कुवतीची कबुली नव्हती.

आता खुद्द रत्नागिरीकडे येऊ.

रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या उर्मिला पवार मुळात कथाकार. 'सहावं बोट' हा त्यांचा कथासंग्रह १९८८ चा. पुढच्याच वर्षी मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांना बोलते करून तो इतिहास लिहिला गेला. ऐकण्याचे आणि निवडण्याचे हे काम कथाकाराला परके नव्हते. नंतर २००३ साली ग्रंथालीने त्यांचे आत्मकथन काढले, 'आयदान'.

आयदान म्हणजे बांबूची विणलेली वस्तू. इतरत्र हे काम बुरूड समाजाचे, पण कोकणात महार समाजही ते करी. वडील शिक्षक होते. उर्मिलाताई तिसरीत असताना ते गेले. मुलांना शिकवायचे हा त्यांचा आग्रह आईने धरून ठेवला, आणि अंगणात बसून आयदाने विणून संसार ओढला. ती आयदाने घरोघर पोचवायला मुलगी जाई. घेणारे बाहेरच पायरीवर ठेवायला लावत, पाणी शिंपडून मग उचलत, आणि पैसे वरून टाकत. सुपाला विटाळ, सुपातल्या तांदळाला नाही!

या पुस्तकात लेखिकेने वाचकाला सरळ सांगितले आहे की आईचे विणणे आणि आपले लिहिणे आतून जोडलेले आहे, दोन्हींची वीण सारखीच आहे, आणि ती वीण वेदनेची आहे. झाले! परीक्षणकर्त्यांनी 'वेदना' तेवढी उचलली आणि 'वीण' तिथेच सोडली. आज वर्गात 'आयदान' शिकवतानाही दुःख, दारिद्र्य, जात यांची यादी होते. पुस्तक रचले कसे, हे कुणी विचारत नाही.

आम्ही म्हणतो, जरा विणण्याकडेच बघा. बांबू निवडावा लागतो, फोडून त्याच्या एकसारख्या पातळ पट्ट्या काढाव्या लागतात, बोटे कापून घ्यावी लागतात. सुपाची वीण घट्ट हवी, नाहीतर दाणा गळतो. रोवळीची वीण पाणी निथळेल एवढी मोकळी हवी. कुठे आवळायचे, कुठे सैल सोडायचे हे हातांना कळते ते वर्षांच्या सरावाने. हे तंत्र नव्हे? फडक्यांनी पुस्तक लिहून सांगितले ते तंत्र, आणि या बाईने न शिकवता मुलीला दिले ते निव्वळ दुःख?

'आयदान'ची सुरुवातच पाहा. तिथे 'मी अमुक साली जन्मले' येत नाही. ओझी घेऊन डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या गावच्या बाया येतात, त्यांची बोली, त्यांचे चेष्टाविनोद येतात. एकीची कथा सांगताना दहाजणींची पट्टी तिच्यात गुंफायची, ही निवड आहे. आणि वाचक हसत असतानाच त्याला गप्प करायचे, ही तर कथाकाराची जुनी कला.

लेखनाची ही प्रेरणा नुसती सांगून उर्मिलाताई थांबल्या नाहीत. पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेने २००४ साली 'आयदान'ला लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार जाहीर केला. समारंभाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होणार, म्हणून त्यांनी पत्र लिहून तो नाकारला. मराठी साहित्य एका धर्माच्या ठराविक प्रतीकांत का कोंडता, आणि हे आजवर कुणाला खटकले कसे नाही, असा त्यांचा सवाल होता. काहींना हा आडमुठेपणा वाटला. त्यांनी १८८५ सालचे जोतीराव फुल्यांचे पत्र काढून वाचावे. न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे बोलावणे धाडले, तेव्हा शूद्रातिशूद्रांचे दुःख ज्यांच्या पुस्तकांत नाही त्यांच्याशी आमचे जुळणार नाही, असे जोतीरावांनी स्वच्छ कळवले होते. मध्ये ११९ वर्षे गेली, तरी पत्र पुण्याच्याच पत्त्यावर लिहावे लागले.

आणि विचार करा, ज्या मुलीने आईच्या हातांतून रचना शिकली तिने पुस्तकाचे श्रेय वीणाधारिणीला कसे द्यायचे? ते खोटे ठरले असते. आपल्याच वस्त्यांतल्या काही शाळांच्या गॅदरिंगमध्ये अजून तोच फोटो, तेच गाणे चालते, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

माया पंडित यांनी 'आयदान'चा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली आला. 'द वीव्ह ऑफ माय लाइफ' हे त्याचे नाव. तिथे वीण शीर्षकातच आहे.