दुसऱ्याच्या टिपणांतला माणूस

परवा आमच्या दिवंगत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ गणिताची कार्यशाळा झाली. तिथे बसल्याबसल्या मला सी. पी. रामानुजम आठवले. (श्रीनिवास रामानुजन नव्हेत बरं का!) साठच्या दशकात कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये शाफारेविच आणि ममफर्ड व्याख्यानं द्यायला आले, तेव्हा टिपणं यांनी लिहिली. शाफारेविचच्या तर चुकाही दुरुस्त केल्या, सिद्धता पूर्ण केल्या. १९७४ साली, अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले. १९७८च्या स्मृतिग्रंथात त्यांच्या कामावर लिहिलं ते खुद्द ममफर्डनी.

आमचा मित्रही त्याच जातकुळीतला. माझ्या पहिल्या शोधनिबंधातली चूक त्यानेच काढली, वर "माझं नाव नको घालूस" म्हणाला. मीही घातलं नाही. परवा माईक हातात होता, तरी सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आज इथे लिहितोय.